गाडी आमचीच आहे

"बाबा, तुमच्याकडे एक तरी ट्रक आहे का हो?"

प्रश्न तोंडातून सुटला आणि टकळीनं श्वास रोखून धरला. खरं तर हा प्रश्न तिचा नव्हताच, मैत्रिणींनी तिच्या गळ्यात मारला होता. शाळेत 'आमच्या घरचा व्यवसाय' या विषयावर बोलायचं होतं. टकळीनं मान ताठ करून सांगितलं होतं, आमचं ट्रान्सपोर्ट आहे! त्यावर वर्गातली सगळ्यात उंच मुलगी, जिला सगळ्या उंचाडीच म्हणायच्या, फटकन म्हणाली, "ट्रान्सपोर्ट? तुमच्या दारात तर तुझ्या सायकलशिवाय काही दिसत नाही. ट्रक काय कपाटात ठेवता? हिंमत असेल तर विचार बाबांना!"

हिंमतीचं नाव काढल्यावर टकळी मागे हटते होय! गेल्या वर्षापर्यंत गोष्ट वेगळी होती. तेव्हा हजेरी देतानासुद्धा तिचा आवाज बाकाखाली लपून बसायचा. मग एकदा बाईंनी तिला बळेच वक्तृत्व स्पर्धेत उभं केलं, पोरीला टाळ्या मिळाल्या, आणि तेव्हापासून जी जीभ सुटली ती सुटलीच. वर्गानं तिचं नाव टकळी ठेवलं आणि तिनं ते पदक मिळाल्यासारखं मिरवलं.

बाबा रागावले नाहीत. उलट खुर्चीत मागे रेलून खो खो हसले. त्यांचं ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरची एक खोली. टेबलावर काच, काचेखाली रंगीबेरंगी कार्डं, दोन फोन, आणि भिंतीवर ट्रकचं भलंमोठं चित्र. खिडकी उघडली की रबराचा वास आत यायचा, बंद केली की खोली भट्टी व्हायची.

"ट्रक नाही, हीच तर आपली कला आहे!" बाबा म्हणाले. "कारखान्याला माल पाठवायचा असतो. ट्रकवाल्याला माल हवा असतो. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. मी दोघांची गाठ घालून देतो. मधली दलाली आपली."

"म्हणजे लग्न जुळवण्यासारखं?"

"अगदी तसंच."

"मग मुलाची चौकशी कशी करता? घरदार, वागणं, आधीचं काही लफडं वगैरे?"

"चौकशी करत बसलो तर नवरी दुसऱ्याच मांडवात जाऊन बसेल!" बाबांनी टाळीसाठी हात पुढे केला. "अगं, इथे घाईचं काम. पार्टी म्हणते आत्ता गाडी हवी. आपण फोन फिरवायचा, गाडी लावायची, माल पोचला की विषय संपला. कुणाची गाडी, कुठली गाडी, कोण बघतंय?"

टकळीनं जोरात टाळी दिली. तिला हे भलतंच आवडलं. ट्रक नाही, ड्रायव्हर नाही, डिझेल नाही, नुसत्या आवाजावर चाललेला धंदा! आवाज तर तिच्याकडेही होता. तिनं तिथल्या तिथे हट्ट धरला की सुट्टीच्या दिवशी मीही ऑफिसात बसणार, फोन घेणार. बाबांनाही कौतुक वाटलं. "बस की! तुझ्यासारखी बोलकी पोरगी फोनवर असली तर पार्ट्या रांगा लावतील."

असं बापानं लेकीला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि लेक आनंदानं चढली.

त्याच आठवड्यात एका औषध कंपनीचं काम आलं. ही कंपनी म्हणजे बाबांची सगळ्यात मोठी पार्टी. निम्मं ऑफिस तिच्या जिवावर चालायचं. माल होता इन्सुलिनचा, म्हणजे मधुमेहाच्या रुग्णांना रोज टोचून घ्यावं लागतं ते औषध. ते सतत थंड राहावं लागतं, म्हणून गाडीला थंड करणारं यंत्र हवं. बाबांची नेहमीची थंड गाडी नेमकी दुरुस्तीला गेली होती. त्यांनी सगळीकडे फोन फिरवले, कुठेच गाडी लागेना. कपाळाला हात लावून बसले असतानाच एका माणसाचा आपणहून फोन आला. आवाज असा गोड, की ऐकणाऱ्याच्या कानाला मुंग्या लागाव्यात! बाबांनी फोन ठेवता ठेवता त्याचं नाव मधाळ ठेवून टाकलं. एका मोठ्या नावाजलेल्या वाहतूक कंपनीचा माणूस आहे म्हणाला. थंड गाडी तयार आहे म्हणाला. भाडंही बाजारापेक्षा कमी सांगितलं. पाच मिनिटांत कंपनीच्या कागदांचे फोटोसुद्धा पाठवले.

आई सकाळच्या वेळी ऑफिसचा हिशेब बघायला यायची. तिनं ते फोटो पाहिले आणि म्हणाली, "अहो, एवढी मोठी कंपनी आपणहून आपल्याकडे कशी आली? तिकडे एक फोन करून विचारा ना, हा माणूस खरंच त्यांचा आहे का."

"केला की! कागदावर नंबर आहे, त्यावरच केला. तोच बोलला, हो, मी त्यांचाच."

"अहो, कागद त्यानंच पाठवले, नंबर त्यानंच लिहिला, फोन त्यानंच उचलला. मग हो म्हणणार नाही तर काय नाही म्हणणार?"

"तू ना, देव समोर उभा राहिला तरी त्याचं ओळखपत्र मागशील!" बाबा हसले. टकळीही हसली. आई हसली नाही. ती हिशेबाकडे वळली आणि तो विषय तिथेच मेला. दुर्दैव हे, की अशा वेळी जो बरोबर बोलतो त्यालाच घरात कुरकुऱ्या म्हणतात!

माल भरायचा दिवस शाळेच्या सुट्टीचा होता. दुपारी आई घरी गेली होती, बाबा डबा उघडून जेवत होते आणि टकळी फिरत्या खुर्चीत गरगर फिरत होती. फोन वाजला. तिनं झेप घालून उचलला.

औषध कंपनीच्या फाटकावरचा कारकून बोलत होता. "गाडी आलीय, पण नंबर वेगळा आहे. तुम्ही सांगितलेला नाही. दारावर मालकाचं नावही दुसरंच आहे. ड्रायव्हर म्हणतो, मला फोनवरून कुणीतरी पाठवलंय. ही गाडी तुमचीच ना? खात्री करून सांगा, मगच भरतो."

टकळीनं फोनवर हात ठेवला आणि शब्द न् शब्द बाबांना सांगितला.

बाबांचा घास हातातच होता. "असेल, मधाळनं दुसरी पाठवली असेल. आता शोधत बसलो तर त्यांचं फाटक बंद होईल आणि माझ्या नावानं शंख करतील. आपलीच आहे म्हणावं. भर म्हणावं."

"यंत्र चालतं का ते बघायला सांगू?"

"अगं, थंड गाडीला यंत्र असणारच ना! सांग पटकन."

टकळीनं हात काढला आणि स्पर्धेत काढायची तसा ठसठशीत आवाज काढला. "गाडी आमचीच आहे हो काका! भरा बिनधास्त!"

पलीकडून कारकून म्हणाला, "बरं. तुम्ही म्हणता तर भरतो."

"वा रे माझी वाघीण!" बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाळेत टकळीनं हे सगळं साभिनय करून दाखवलं. एक हात कमरेवर, एक कानाशी, आणि "भरा बिनधास्त!" उंचाडीनं तर तो संवाद उचललाच. डबा उघडायचा असो की फळ्यावर गणित सोडवायचं असो, सगळा वर्ग म्हणू लागला, "भरा बिनधास्त!" टकळीला आभाळ ठेंगणं झालं.

आणि मग माल पोचला.

पोचला, पण गरम! गाडीच्या डब्यावर यंत्र होतं, ते कधीचंच बंद पडलेलं. दवाखान्यातल्या माणसांनी खोकी उघडली, आतली तापमानाची पट्टी पाहिली आणि सगळाच्या सगळा माल नाकारला. एक बाटली म्हणून घेतली नाही. औषधासाठी रांगेत उभी असलेली माणसं, त्यात म्हातारे, त्यात टकळीच्या वयाची मुलं, हात हलवत परत गेली.

शोध सुरू झाला तेव्हा एकेक पापुद्रा सुटत गेला. मधाळचा फोन बंद. ज्या मोठ्या कंपनीचे कागद त्यानं पाठवले होते, ती म्हणाली, हा माणूस आमचा नाहीच, आमच्या नावानं कुणीतरी दुकान मांडलंय. मधाळकडे ना गाडी होती ना कंपनी. त्यानं बाबांकडून काम घेतलं, आपणच मालाचे मालक असल्याचं भासवलं आणि तेच काम स्वस्तात एका गरीब ड्रायव्हरला विकून टाकलं. ड्रायव्हरला सांगितलं, सुका माल आहे, गोळ्यांची खोकी आहेत. त्याला बिचाऱ्याला यंत्राची आठवण करायचं कारणच पडलं नाही. खोकी भरली गेली, दाराला सील लागलं, तो निघाला.

आता मधाळ हवेत विरला होता. हाताला लागला तो ड्रायव्हर. खोट्या नावानं फाटकात शिरला, टोळीतलाच असणार, असं म्हणून त्याला आत टाकलं. गाडी जप्त. आणि फाटकावरचा कारकून? त्याला कामावरून घरी बसवलं. तो सगळ्यांना सांगत होता, "मी फोन केला होता हो! एक मुलगी बोलली, गाडी आमचीच आहे म्हणाली." लोक हसत होते. एवढ्या मोठ्या मालाचा निर्णय म्हणे एका पोरीनं दिला! काहीतरी कारणं शोधतोय.

टकळीला हे सगळं लगेच कळलं नाही. तिला कळलं ते ड्रायव्हरची बायको ऑफिसात आली तेव्हा.

शाळा सुटल्यावर ती ऑफिसात गेली होती. दारातल्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत पुरुषाचा घडी केलेला शर्ट आणि औषधाची पट्टी. बाबा आत होते आणि बाहेर यायचं टाळत होते, हे टकळीला त्यांच्या उगाचच कागद चाळण्यावरून कळलं. शेवटी बाईच उठून दारात आल्या.

"साहेब, फाटकावर तुमचा पत्ता मिळाला. मला एवढंच सांगा, माझ्या माणसाला हे काम कुणी दिलं?"

"बाई, मी तुमच्या नवऱ्याला ओळखत नाही."

"तेही तुम्हाला ओळखत नाहीत, साहेब. ते म्हणतात, फाटकावर मी सांगितलं होतं, माझा नंबर लिहून घ्या, विचारून घ्या. त्यांनी विचारलं, वरून हो आलं, मग भरलं. वरून म्हणजे कुठून? तेवढं सांगा. मी तिथे जाऊन पाया पडते."

"मला माहीत नाही. ती गाडी आमची नाही."

बाबा हे इतक्या सहज म्हणाले! खिडकीतून आलेली माशी उडवावी तसं.

फाटकावर जी गाडी आमचीच होती, ती आता आमची नव्हती. मधे झालं काय होतं? माल गरम झाला होता, एवढंच!

बाई टकळीकडे वळल्या. "बाळा, पाणी मिळेल का गं?" टकळीनं पाणी दिलं. बाई पाणी प्यायल्या, पेला स्वतः विसळून ठेवला आणि म्हणाल्या, "गाडीत डास असतात म्हणून ते झोपतच नाहीत नीट. आता तिथे तर विचारायलाच नको." आणि जिना उतरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत उंचाडीनं आरोळी ठोकली, "ए टकळे, तुझं ते म्हण ना!" पोरी कोंडाळं करून उभ्या राहिल्या. टकळी डबा न उघडताच बंद दप्तरावर डोकं टेकून बसली. "हिला काय झालं?" "भाव खातेय!" "भरा बिनधास्त!" कुणीतरी मागून ओरडलं, आणि सगळा वर्ग हसला. तिला वाटलं, हे हसू त्या कोठडीपर्यंत ऐकू जात असेल.

त्या संध्याकाळी घरी आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. विमा कंपनीत नुकसानीच्या दाव्यांची तपासणी करण्यात तिचं सगळं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे खोटं बोलणारा माणूस तिच्यासमोर बसला की आपोआप खुर्चीत चुळबुळ करायचा. बाबांनीच तिला बोलावलं होतं. सकाळी चौकशी अधिकाऱ्यापुढे जबाब द्यायचा होता आणि तो कसा द्यावा याचा सल्ला हवा होता.

"ताई, सोपं आहे," बाबा म्हणाले. "फाटकावरून फोन आला होता हे ते काढणारच. मी सांगणार, आला होता, पण पोरगी बोलली. लहान आहे, तिला काय विचारतायत तेच कळलं नाही. काहीतरी बडबडली. मला तर त्या गाडीचा पत्ताच नव्हता." मग ते टकळीकडे वळले आणि एकदम मऊ आवाजात म्हणाले, "हे बघ बाळा, तुला कुणी विचारलंच, तर म्हणायचं, नीट ऐकू आलं नाही. खाली टायरवाल्याची मशीन चालू होती. बस्स. तुला कोण काय म्हणणार? तू लहान आहेस."

लहान! परवा वाघीण होती, आज लहान झाली!

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "अहो, पोरीला मधे घालू नका," एवढंच ती म्हणाली.

आत्यानं चष्मा काढून हातात घेतला. "मला एक सांग. माल गाडीत चढला, तेव्हा ती गाडी कुणाची आहे हे तुला माहीत होतं?"

"नाही. पण ताई, मला त्या मधाळनं फसवलं! मीही फसलोच आहे ना?"

"फसलास. खरं आहे. पण फसलेल्या माणसानं दुसऱ्याच्या मानेवर पाय ठेवून वर यायचं, असा काही नियम आहे का?"

"तुला आमचा धंदा माहीत नाही. इथे सगळं विश्वासावर चालतं."

"विश्वास?" आत्याचा आवाज चढला. "अरे, विश्वास माणसाला ओळखून ठेवतात. तू ज्याला पाहिलं नाहीस, ज्याचं ऑफिस पाहिलं नाहीस, ज्याच्या कंपनीला विचारलं नाहीस, त्याच्यावर ठेवलास तो विश्वास नव्हता, तो आळस होता! भाडं कमी सांगितलं म्हणून तुला तो गोड लागला. त्या कंपनीचा नंबर सरकारी नोंदीतून शोधून एक फोन केला असतास, तर मधाळ तिथेच उघडा पडला असता. वहिनीनं सांगितलं होतं ना तुला?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आईनं नजर वळवली नाही.

"आणि ते राहू दे," आत्या पुढे म्हणाली, "त्यानं गंडवलं तरी फाटकावर सगळं सावरायची संधी आली होती. त्या कारकुनानं आपलं काम चोख केलं. नंबर जुळत नाही म्हणाला. थांबला. विचारलं. अरे, नंबर जुळत नाही म्हणजे काम दुसऱ्याच्या हातात गेलं, हे शेंबडं पोरही सांगेल! तू फक्त एवढंच म्हणायचं होतंस, थांब, भरू नको, यंत्र चालवून दाखव म्हणावं. अर्धा तास गेला असता. पार्टी ओरडली असती. बास. त्या अर्ध्या तासाच्या बदल्यात आज एक माणूस आत बसलाय, एक घरी बसलाय, आणि ज्यांना औषध मिळालं नाही त्यांची तर आपल्याला नावंही कळणार नाहीत."

"सगळेच असं करतात, ताई. बाजारात जाऊन बघ. नंबर जुळवत बसतो कोण?"

"म्हणूनच मधाळसारख्यांचं फावतं! त्याला चोरी करायला कुलूप तोडावं लागत नाही. तुमच्यातलाच कुणीतरी घास गिळता गिळता म्हणतो, आपलीच आहे, येऊ दे आत."

बाबा उठून उभे राहिले. त्यांचा आवाज फाटला. "मग काय सांगू उद्या? मीच आत घेतली म्हणून? पार्टी तोडेल माझ्याशी. ऑफिस बंद करावं लागेल. हिची शाळा, घर, सगळं कशावर चालतं? तो ड्रायव्हर सुटेल कधी ना कधी. खरं असेल तर सुटेलच की!"

"कुणी खरं सांगितलं तर सुटेल," आत्या म्हणाली. "त्याच्या बाजूनं बोलायला आहे कोण? कारकुनाचं कुणी ऐकत नाही. मधाळ पळाला. उरलास तू." तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला, पर्स उचलली. "खोटा जबाब कसा द्यायचा ते मला विचारू नकोस. असे जबाब फाडण्यात माझं आयुष्य गेलं." आणि ती गेली. चहा तसाच राहिला.

बाबा खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. टकळी त्या पाठीकडे बघत राहिली. हीच पाठ घोडा व्हायची, हिच्यावर बसून तिनं सगळं घर पालथं घातलं होतं. तिचे बाबा वाईट माणूस नव्हते. शेजारच्यांच्या अडीअडचणीला धावायचे, फाटक्या नोटासुद्धा कुणाला खपवायचे नाहीत. म्हणूनच तर तिला जास्त भीती वाटत होती! वाईट माणसानं वाईट केलं तर कळतं तरी. इथे एका चांगल्या माणसानं जेवता जेवता एक वाक्य म्हटलं होतं, आणि ते वाक्य तिनं तिच्या सगळ्यात सुंदर आवाजात पुढे पोचवलं होतं.

वाचकहो, तुम्ही म्हणाल, आमचा कुठे ट्रकचा धंदा आहे! नसेल. पण इमारतीच्या दारावरचा रखवालदार वर बघून विचारतो, हा माणूस तुमच्याकडचाच ना, आणि आपण फोनवर बोलता बोलता हात हलवून हो म्हणतो. कचेरीत कुणी कागद पुढे सरकवतो, बघितलंत ना म्हणतो, आणि आपण न बघताच सही ठोकतो. काही बिघडलं नाही, तर ती आपली तत्परता. बिघडलं, की आपल्याला काही माहीतच नव्हतं! हो म्हणणं फुकटात मिळतं, म्हणून आपण ते उधळतो. पण प्रत्येक 'हो'च्या पलीकडे कुणीतरी आपल्या भरवशावर फाटक उघडत असतं. त्यामुळे विचारणाऱ्याला किरकिऱ्या समजू नका. थांबवणाऱ्याचा राग धरू नका. ज्याच्या हाती माल, औषध, माणसं सोपवायची, तो कोण आहे हे स्वतः बघा. आणि न बघता हो म्हणून बसलाच असाल, तर निदान त्या 'हो'च्या मागे उभे राहा! हात वर करू नका.

टकळीनं आपल्या मनाशी हे सगळं असं मांडलं होतं असं नाही. ती फक्त त्या पिशवीतल्या घडी केलेल्या शर्टाचा विचार करत होती. तो शर्ट आत पोचला असेल का? तिला वाटलं, आत्ता गप्प बसले तर माझी जीभ पुढे कितीही चालली, तरी तिला काही अर्थ उरणार नाही.

ती उठली. टाळ्या मिळाल्या होत्या त्या दिवशीसुद्धा ती अशीच सगळ्यांसमोर उभी राहिली होती, पण आज टाळ्या नव्हत्या.

"बाबा. आई. मी ठरवलंय."

बाबा वळले नाहीत. आईनं ओले हात पदराला पुसले.

"उद्या मीही येणार. बाबा, तुम्ही नेलं नाहीत तर मी सायकलनं येईन. साहेबांना सांगणार, फाटकावरच्या काकांनी नीट विचारलं होतं. नंबर वेगळा आहे म्हणाले होते, नाव वेगळं आहे म्हणाले होते. मी तुम्हाला विचारलं, तुम्ही भर म्हणालात, आणि गाडी आमचीच आहे असं मी त्यांना सांगितलं. त्या ड्रायव्हरकाकांनी काही लपवलं नव्हतं. ऑफिस बंद पडलं तर पडू दे. मला दुसऱ्या शाळेत घाला. पण ते काका माझ्या एका वाक्यावर आत बसलेत, आणि मी लहान आहे म्हणून बाहेर राहणार नाही."

"अगं, पण..." बाबांचा आवाज खिडकीकडूनच आला, अगदी बारीक. "मशीन चालू होती, नीट ऐकू आलं नाही, एवढंच तर म्हणायचंय."

"मशीन बंद होती, बाबा. टायरवाले जेवायला गेले होते. मला एकूण एक शब्द ऐकू आला होता."